चाचा, ती खूण मी पुसली

चाचा,

अण्णांनी मला तुमच्यावर दोन पानं लिहायला सांगितलंय. तुम्ही गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी जे कोणी जेवायला येतील त्या सगळ्यांच्या हातात ती द्यायची. "सात महिने तू त्यांच्या शेजारी बसलीस, तूच लिही," म्हणाले. कागदही काढून ठेवलाय, लग्नपत्रिकांसाठी आणलेला तो जाड. मग दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आणि ती चेअरमनची गंमत घालायची इसरू नको. चाचांचं नाव काढलं की लोकांस्नी पयली तीच आठवती."

मी मान हलवली. त्यांना वाटलं, मला रडू येतंय म्हणून मी बोलत नाही. खरं सांगू का, त्या क्षणी मला तुमच्यासाठी रडू येत नव्हतं. मी घाबरले होते. मग अण्णा गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि लाज वाटायला लागली, ती अजून गेलेली नाही.

तेहेतीस वर्षं तुम्ही अण्णांच्या प्रेसमध्ये शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेत. आधी अण्णांच्या वडिलांच्या हाताखाली, मग अण्णांच्या. अर्ध्या कोल्हापूरची लग्नं तुमच्या बोटांतून गेली. आणि लोकांना पहिली आठवते ती चेअरमनची गंमत. ती गंमत तुमची नाही हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, एक मला नक्की आणि दुसरं कदाचित तुम्हाला. तुमचं मला नक्की माहीत नव्हतं. परवापर्यंत नव्हतं.

पण आधी मशिनीचं सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांना काही कळायचं नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा अण्णांनी खिळ्यांच्या केसेस, त्या खणाखणांच्या लाकडी पेट्या, एका भिंतीला लावल्या आणि उरलेल्या जागेत काचेची खोली केली. खोलीत थंड हवेचं यंत्र, खिडकीला जाड पडदा आणि दाराबाहेर पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात'. देवळासारखं. मी पुण्याहून सहा आठवड्यांचा कोर्स करून आले होते, चोवीस वर्षांची होते आणि त्या खोलीची पुजारीण असल्यासारखी वागत होते. अण्णांनी चारही कंपोझिटरांना सांगितलं, ज्याला हे शिकायचंय तो राहील. तिघांनी कानावर हात ठेवले. एक गावाकडं गेला, एकानं पानपट्टी टाकली, तिसऱ्याचं मला आठवत नाही. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी घासलेटनं हात धुऊन, वर साबण लावून, करकर वाजणाऱ्या चपला दारात काढून आत आलात आणि हात पाठीमागं बांधून उभे राहिलात.

"बसा की चाचा," मी म्हटलं.

"बसतो. पर हात लावला तर बिघडल का?"

"नाही बिघडत."

"मग पडदा कशाला लावलाय? ऊन लागून काळी पडती व्हय?"

तुम्ही मला पहिल्याच दिवशी हसवलंत. मी हसू दाबलं, कारण मास्तरीण व्हायचं होतं.

मशिनीच्या पडद्यावरचं हिरवं अक्षर तुम्ही मान वाकडी करून वाचायला लागलात. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आणि तुम्ही तेहेतीस वर्षं उलटंच वाचत आला होतात. सरळ अक्षर म्हणजे छापून झालेलं, हातातून गेलेलं. "हे तर छापूनच आलंय की गं," तुम्ही म्हणालात, "आता चूक कुठनं काढायची?" मी सांगितलं, छापलेलं नाही, अजून बदलता येतं. तुम्हाला ते पटायला चार दिवस लागले. मी बाहेर जाऊन मैत्रिणीला नक्कल करून दाखवली, मान वाकडी करून. तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही बघितलंत की नाही, मला माहीत नाही. ही एवढीशी गोष्टही मी तुम्हाला कधी विचारली नाही.

मग ठळक अक्षरांचा दिवस. तुम्ही विचारलंत, "जाड खिळ्यांची केस कुठं हाय ह्याच्यात?" खिळ्यांच्या कामात जाड अक्षर हवं असलं की उठून दुसऱ्या केसपाशी जावं लागायचं. इथं केस नाही, मी म्हटलं, तेच अक्षर जाड होतं. शब्दाच्या आधी एक खूण घालायची आणि शब्द संपला की तीच खूण पुन्हा घालायची. पहिली खूण म्हणजे इथून जाड, दुसरी म्हणजे इथं संपलं. खाली रेघ हवी असली तर वेगळी खूण, मथळा मध्ये आणायचा तर आणखी वेगळी. पाठ करायच्या फक्त पाच-सहा खुणा. प्रोग्रॅम वगैरे लिहायला यावं लागत नाही.

तुम्ही दोन्ही खुणांवर एकेक बोट ठेवलंत. मग म्हणालात, "म्हणजे म्हशीचं दावं सोडलं की फिरून बांधाय लागतं. न्हाय बांधलं तर ती गंगावेशीतनं सुटून थेट रंकाळ्यावर."

कोर्समध्ये आमच्या सरांनी हेच अर्धा तास इंग्रजीतून सांगितलं होतं आणि आम्हा अकरा जणांपैकी नऊ जणांना कळलं नव्हतं. मी हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मास्तरणीनं विद्यार्थ्याला फार चढवू नये असं मला वाटायचं.

तुम्ही एका बोटानं टाइप करायचात, पण खूण एकदाही चुकली नाही. उघडली की आधी बंद करून टाकायची आणि मग दोन खुणांच्या मध्ये शिरून शब्द लिहायचा, ही तुमची पद्धत. मला ती बावळटपणाची वाटायची. आता मी शिकाऊ मुलींना तीच शिकवते आणि कुणी शोधली ते सांगत नाही.

संध्याकाळी काम आटोपलं की अर्धा तास तुम्ही स्वतःची फ्लॉपी काढायचात. चिठ्ठीवर तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'आप्पालाल, टिपणं'. तेहेतीस वर्षांत धंद्यात जे जे कळलं ते तुम्हाला तिच्यात लिहून ठेवायचं होतं. मी विचारलं, वहीत का नाही लिहीत? तुम्ही म्हणालात, "वहीत मधी घुसवाय येत न्हाय. हितं आठवलं की मधी घालाय येतंय." टिपणाला मथळा, मथळ्याखाली रेघ, महत्त्वाचा शब्द ठळक. शाळा चौथीपर्यंत झालेला माणूस, पण टिपणं अशी की आमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांना नसती जमली.

आपलं भांडण एकच होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. एक कळ दाबली की सगळ्या खुणा पडद्यावरून झाकल्या जायच्या आणि पान स्वच्छ दिसायचं. मला खुणा झाकून काम करायला आवडायचं. तुम्हाला ते बघवत नसे.

"उघड्या ठेव की गं."

"दिसायला घाण दिसतं, चाचा."

"दिसंना का. कुलूप कुठं हाय ते दिसाय नगो?"

"मला पाठ असतं कुठं आहे ते."

"पाठ असणारी माणसंच बुडत्यात. ज्याला पवाय येत न्हाय त्यो काठाला बसतोय."

तुम्ही उठून गेलात की मी कळ दाबायची. तुम्ही आलात की पुन्हा दाबायचात. असं सात महिने चाललं.

मग पन्हाळ्याकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं पुस्तक आलं. संस्थेला पंचवीस वर्षं झाली होती. पुस्तकात फोटो, अहवाल आणि शेवटी सगळ्या संस्थापक सभासदांची यादी, सभासद क्रमांकानं. जे वारले होते त्यांची नावं ठळक करायची आणि यादीखाली ओळ, 'ठळक अक्षरांतील सभासद दिवंगत आहेत. त्यांना संस्थेची भावपूर्ण श्रद्धांजली.' यादी तुम्ही स्वतः टाइप केलीत. दोन दिवस लागले. मग पानं काढून तुम्ही एकेका नावावर बोट ठेवून तपासलीत, आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं 'बरोबर' लिहून सही केलीत. ती पानं खरोखर बरोबर होती. तुम्ही घरी गेलात.

पाच वाजता संस्थेचा सेक्रेटरी आला. एक वारलेल्या माणसाचं नाव लागोपाठ दोनदा आलंय, एक काढा, म्हणाला. चूक त्याच्याच हस्तलिखितातली होती. छपाईची प्लेट करणारा माणूस दारात खोळंबला होता, मला सव्वापाचची एस.टी. गाठायची होती. खुणा मी झाकूनच ठेवल्या होत्या. दुसरं नाव ओळीच्या शेवटापर्यंत पुसलं, ते पान छापलं, पुढची छापली, गठ्ठा प्लेटवाल्याच्या हातात दिला. नाव गेलंय एवढं बघितलं. पुढं बघितलं नाही.

त्या नावाच्या शेवटी झाकलेली बंद करायची खूण होती. नावाबरोबर तीही पुसली गेली, सुरुवातीची तशीच राहिली. तिथून शेवटच्या सभासदापर्यंत सगळं उलटं झालं, जिवंत ठळक आणि वारलेले साधे. जिवंत असलेली शंभरेक माणसं एका फटक्यात दिवंगत झाली, आणि सभासद क्रमांक त्या नावानंतरचा असल्यामुळं संस्थेचे चेअरमनही त्यांच्यात होते.

त्यानंतरचं अण्णा सगळ्यांना सांगतात, पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगते. वार्षिक सभेच्या दुसऱ्या दिवशी चेअरमन तीन संचालकांना घेऊन जीपनं आले. पुस्तक अण्णांच्या टेबलावर आपटलं.

"अण्णा, मी कवा मेलो वो?"

"बसा, पाणी घ्या. काय झालं?"

"बसतोय कुठला. मेलेला माणूस बसतोय का? सभंत विरोधी पार्टीचा उठला आणि म्हणतोय, दोन मिनटं उभं ऱ्हाऊन चेअरमनास्नी श्रद्धांजली वाहूया. आणि उभी ऱ्हायली की माणसं! मी हिकडं व्यासपीठावर हार घालून बसलोय!"

एक संचालक तोंड फिरवून हसला. चेअरमननी त्याच्याकडं असं बघितलं की तो जीपमध्ये जाऊन बसला.

"हसू नगासा. माझी आई ऐंशीची हाय. नातीनं तिला यादी वाचून दावली. म्हातारीनं हंबरडा फोडला. मी म्होरं जाऊन उभा ऱ्हायलो तरी म्हणती, पुस्तकात हाय."

अण्णांनी काचेच्या खोलीचं दार उघडलं. आपण दोघं आत होतो. तुम्ही टाइप करत होतात, मी शेजारी उभी होते. अण्णा इतके चिडले होते की चपला घालूनच आत आले. "यादी कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"म्या केली," तुम्ही म्हणालात. खरंच होतं.

"शेवटी कुणी बघितली?"

इथं मी बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं, की नंतर मी एक नाव काढलं. चाचा, मी ते वाक्य तयारसुद्धा केलं होतं. पण मग बाहेर छपाईच्या मशीनवरची माणसं काचेतून आत बघताना दिसली. मी आले त्या दिवसापासून ती वाट बघत होती, पोरीच्या हातात मशीन दिलीय, कधी बुडवते बघू. आमच्या घरी भाऊ म्हणत होता, नोकरी सोड आणि उजवून टाकू. मी चुकले की दोन्हीकडचे लोक जिंकणार होते. ही कारणं मी वर्षभर स्वतःला सांगत आलेय. कारणं खरी आहेत. त्यांनी काही होत नाही.

मी म्हणाले, "चाचांनी बघितली. सही केली त्यांनी."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. आणि तरी आयुष्यात इतकं खोटं मी कधी बोलले नाही.

अण्णांनी तुम्हाला विचारलं, "सही केलेली पानं कुठं हायत?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. पानं माझ्या ड्रॉवरमध्ये होती. काढून दाखवली असती तर दिसलं असतं, की तुमच्या सहीच्या पानावर चेअरमन साध्या अक्षरात आहेत, जिवंत. मी म्हटलं, "रद्दीत गेली असतील."

तुम्ही पडद्याकडं तोंड केलंत आणि म्हणालात, "वय झालं, अण्णा. नदरंतनं सुटलं आसंल."

बाहेर जाऊन तुम्ही चेअरमनपुढं हात जोडलेत. तेहेतीस वर्षांत कुणापुढं जोडले नसतील. मी काचेतून बघितलं. चेअरमन वरमले. "ऱ्हाऊ दे चाचा," म्हणाले, "आयुष्य वाढतंय म्हणत्यात अशानं." मग चहा झाला. गंमत जन्माला आली ती त्या चहात. अण्णाच पहिल्यांदा हसले.

पण दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला मशीनवर बसू दिलं नाही. "चाचा, तुमचं आपलं खिळंच बरं," अण्णा प्रेमानंच म्हणाले. खिळ्यांना तेव्हा काम काय उरलं होतं? दोन महिन्यांनी केसेस मोडीत काढायचं ठरलं. तुम्ही स्वतः खिळे पोत्यांत भरलेत, जाड वेगळे, बारीक वेगळे. "आवं, वितळवायचंच हाय सगळं, कशाला निवडताय?" असं कुणीतरी म्हणालं. तुम्ही निवडत राहिलात. पोती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत, आणि मग कधीच आला नाहीत. काचेच्या दाराबाहेर फक्त माझ्या चपला असायच्या.

मी तुमच्या घरी यायला हवं होतं. तुम्ही घरी वह्या-पुस्तकं बांधायचं काम घेता असं कळलं होतं. पायी वीस मिनिटांचं अंतर. एकदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले, चाचींसाठी मोसंबीसुद्धा घेतली होती. तिथून परत गेले आणि मोसंबी आम्हीच खाल्ली.

तुमची आणि माझी शेवटची भेट भाजी मंडईत. तुमच्या हातात मेथीची जुडी होती, खोकत होतात. मला बघून तुमचा चेहरा खुलला, आणि त्याचाच मला राग आला.

"काय मास्तरीण, बरी हाईस न्हवं?"

"बरी आहे."

"खुणा उघड्या ठेवतीस का अजून झाकतीस?"

मला वाटलं, टोमणा मारला. चोराच्या मनात चांदणं. मी फटकन म्हणाले, "आता नवीन मशिनीत तसलं काही लागत नाही, चाचा. तुमच्या वेळचं गेलं सगळं."

थाप होती. मशीन तीच, खुणा त्याच.

"मग बरं हाय की," तुम्ही म्हणालात. "सुटलीस." आणि मेथीतली अर्धी जुडी माझ्या पिशवीत घातलीत, मी नको म्हणत असताना. त्यानंतर आपण बोललो नाही.

तुमच्या मयताच्या दिवशी मी चाचींजवळ बायकांमध्ये बसले होते. चेअरमन आले, पन्हाळ्याकडून एवढ्या लांब. त्यांना पाहून गल्लीतली माणसं बाजूला झाली. दारात चपला काढताना ते अण्णांना म्हणाले, "मला जित्तेपणी मारलं ह्या माणसानं, आणि खांदा द्यायला मीच आलो बगा." अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसले. आतल्या बायकांनीही ऐकलं. चाची पदर तोंडावर धरून माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "त्या दिसापास्नं मनाला लावून घेतलंतं त्यांनी. माझ्या हातनं कशी गेली चूक, म्हणायचे."

मी चाचींचा हात धरला होता. मी मिठाची गुळणी धरली. पुन्हा.

चाचींच्या त्या वाक्यानं मला दोन आठवडे झोपू दिलं नाही. वर्षभर मी एक आशा धरून होते, तीही किती नीच बघा. तुम्हाला खरंच वाटत असेल की चूक तुमची, तर निदान तुम्ही मला खोटारडी समजत नव्हतात. पण मग तुम्ही विनाकारण स्वतःला खात गेलात. आणि तुम्हाला माहीत असेल की चूक माझी, तर मंडईत तुमचा चेहरा खुलला तो कुणाला बघून? कुठलं खरं असावं अशी इच्छा धरायची, तेच मला कळेना.

परवा अण्णांनी लिहायला सांगितल्यावर मी ड्रॉवर उघडला. तळाशी तुमची सही केलेली पानं होती आणि त्यांच्याखाली तुमची फ्लॉपी. तुम्ही मशीनवरून उठलात तेव्हा ती तिथंच राहिली. तुम्ही मागितली नाहीत, मी दिली नाही. वर्षभरात एकदाही ती मशीनमध्ये घातली नव्हती. परवा घातली.

चाचा, मी खुणा उघड्या ठेवून वाचलं.

पहिला मथळा 'नवी मशिन'. खाली तुमच्या बोलण्यासारखंच लिहिलेलं. 'जाड अक्षर : आदी खूण, मग बंद खूण, मग मधी शब्द. शिकवनार सुमन मास्तरीण.' पुढचं टिपण, मथळा मध्ये कसा आणायचा, शिकवणार सुमन मास्तरीण. असं अकरा ठिकाणी माझं नाव आहे, दर वेळी ठळक, आणि दर वेळी खूण बंद केलेली. माझं वय तेव्हा तुमच्या मुलाहून कमी, आणि मी बाहेर तुमची नक्कल करत होते.

मधे लग्नपत्रिकांची टिपणं आहेत, तारीख आणि वार पंचांगावर ताडून बघावा, नवरीच्या मामाचं नाव सुटलं तर मांडवात भांडण होतं. एक शोकपत्रांचं टिपण आहे. त्याच्याकडं मी नंतर येते.

शेवटचं टिपण त्या चेअरमनच्या दिवसाचं. अण्णा आत आले तेव्हा तुम्ही टाइप करत होतात, ते हे. म्हणजे माझ्या आधी तुम्ही पुस्तक बघितलं होतंत, सकाळीच यादी उघडून चूक कुठं आहे ते शोधलंही होतंत. लिहिलंय, 'नाव पुसताना मागची खूण पुसली जाती. खुना झाकल्या असल्या तर दिसत न्हाय. आदी उगडाव्या, मग पुसावं. ही चूक कुनाच्याबी हातनं हुईल.'

त्याच्यापुढं शिकवणाऱ्याचं नाव नाही.

तुम्हाला माहीत होतं. अण्णांनी दार उघडायच्या आधीपासून माहीत होतं. मी काय बोलते ते तुम्ही ऐकत होतात, मी बोलले ते ऐकलंत, आणि मग पडद्याकडं तोंड करून वय झालं म्हणालात. चाचींनाही खरं सांगितलं नाहीत. मंडईत तुम्ही टोमणा मारला नव्हता. पुन्हा तसंच होऊ नये एवढंच बघत होतात.

मला तुमचे उपकार मानायचेत, पण उपकार म्हटलं की मला सोपं जातं. तुम्ही मला वाचवलंत असं म्हणून मी रडू शकते आणि लोकही रडतील. पण तुम्हाला त्याची किंमत पडली, आणि मी ती पडू दिली. तुमच्यावर रागही आहे माझा, आता सांगते. मला कान धरून अण्णांपुढं उभं का नाही केलंत? चार दिवस बोलणी खाल्ली असती. वर्षभर हे बरोबर घेऊन फिरले नसते. हा राग धरायचा मला अधिकार नाही हे कळतं. तरी येतो.

आता तुमच्या शोकपत्राच्या टिपणाकडं येते. 'मेलेल्या मानसाचा मजकूर एकट्यानं वाचू नये. एकानं मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं बोट ठेवून जावं. मग छापावं.' प्रेसमध्ये हा नियम तुमच्यामुळंच आहे आणि अण्णा तो मोडू देत नाहीत. तुम्ही होतात तोवर बोट ठेवायला तुम्हीच असायचात. यादीची शेवटची पानं मी एकटीनं वाचली होती, वाचली म्हणजे नाहीच वाचली.

तर उद्या सकाळी नऊ वाजता अण्णांना टेबलापाशी बसवणार आहे. तुमची सहीची पानं त्यांच्यासमोर ठेवणार. मी हे मोठ्यानं वाचायचं, त्यांनी बोट ठेवायचं. चेअरमनच्या गमतीपाशी बोट आलं की ते हसायच्या तयारीत असतील. पुढं वाचायला मला थांबता येणार नाही, नियम तसा आहे. ते नोकरीवरून काढतील का, माहीत नाही. छापू नको म्हणाले तर मी हातानं नकला काढेन. एक चाचींना वाचून दाखवायची, एक पन्हाळ्याला पाठवायची.

या सगळ्या मजकुरात एकच नाव ठळक केलंय, दूध संस्थेच्या पुस्तकात जो अर्थ होता त्याच अर्थानं. आप्पालाल हसन मुजावर. तुमच्या पद्धतीनं केलं. आधी खूण, मग बंद करायची खूण, मग मध्ये शिरून नाव. तीनदा बघितलं, बंद झालीय. तुमच्या नावानंतरची माणसं साध्या अक्षरात आहेत, चाची आहेत, अण्णा आहेत, चेअरमन आहेत. सगळ्यात शेवटी, लिहिणाऱ्याच्या जागी, माझं नाव आहे. तेही साधं. मी जिवंत आहे, चाचा, त्यामुळं उद्या नऊ वाजता हे मला मोठ्यानं वाचावं लागणार आहे.

सुमन